इस्तंबूलची फी आणि अब्बांची पत्र्याची ट्रंक

«ताई, मी २७ वर्षांची, कोकणातल्या खेड तालुक्यातली. इंग्रजीत एम.ए. केलंय, सेट झाली, नेटची जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, दोनदा थोडक्यात हुकली. सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. एम.ए.ला वसाहतोत्तर, म्हणजे साम्राज्यं गेल्यानंतरच्या देशांतल्या, साहित्याच्या पेपरात सुदानच्या तय्यब सालिह यांची कादंबरी इंग्रजीतून वाचली आणि तेव्हापासून अरबी साहित्यावर काम करायचं डोक्यात बसलंय. पण अरबी येत नाही. लहानपणी मक्तबमध्ये कुराण नाजरा वाचायला शिकले. अक्षरं येतात, अर्थ कळत नाही. इस्लामिक, अरबी, वसाहतोत्तर अशा नावांच्या परिषदांची आणि फेलोशिपची आवतणं सतत येत असतात. गेल्या महिन्यात एके ठिकाणी ॲबस्ट्रॅक्ट (निबंधाचा गोषवारा) पाठवला आणि दीड दिवसात निवडीचं पत्र आलं! परिषद इस्तंबूलला, फी ४२० डॉलर, भरायला दहा दिवस उरलेत.

अब्बा १९८६ला कुवेतला गेले, ९०च्या युद्धात अम्मानमार्गे एका बॅगेनिशी परत आले, ९२ला पुन्हा गेले ते २०१०ला कायमचे आले. त्यांची पत्रं आणि कॅसेटी अम्मीनं अजून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्यात. अब्बा म्हणतात, पैसे मी देतो, जा. अम्मी म्हणते, त्या पैशात लग्नाचं बघू. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एक मॅडम म्हणाल्या, ‘मुसलमान मुलगी आणि विषय इस्लामिक स्टडीज, म्हणजे तू कायमची त्याच खणात बसणार.’ ते जास्त लागलं. मी जाऊ का? उशीर झालाय का? सुरुवात कुठून करू?»

पोरी, आधी पैशाचं बोलते, कारण त्याला मुदत आहे. ते डॉलर भरू नकोस. रक्कमही नेमकी ४२० ठेवलीय. कायद्यातलं कलम बदललं तरी आपल्याकडे त्या आकड्याचा अर्थ अजून तोच आहे.

तू जोडलेली पत्रिका मी चष्मा पुसून दोनदा वाचली. एकाच परिषदेत मानव्यविद्या आहेत, मॅनेजमेंट आहे, नर्सिंग आहे आणि टिकाऊ तंत्रज्ञानही आहे. समितीत अकरा नावं, पण एकाच्याही पुढे विद्यापीठाचा ईमेल नाही. ठिकाण विमानतळाजवळचं हॉटेल. आणि दीड दिवसात निवड! खऱ्या परिषदेत दोन-तीन माणसं तुझा ॲबस्ट्रॅक्ट वाचतात, आपसात वाद घालतात, आठवडे घेतात आणि बऱ्याचदा नाही म्हणतात. जिथे नकार मिळूच शकत नाही तिथल्या होकाराला किंमत कसली?

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. पस्तिशीत मीही अशीच एक फी भरली होती, कुठली ते सांगत नाही. पाच तासांचा प्रवास करून गेले. खोलीत आम्ही सात जण होतो आणि सातही जण आपापली पाळी कधी येते याची वाट बघत होते. माझं वाचून झाल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, ‘जेवणाची कुपनं कुठे मिळतात?’ त्या दिवशी मला विचारला गेलेला तो एकमेव प्रश्न. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर होतं, आडनावात एक अक्षर चुकलेलं.

खऱ्या जागा कुठल्या, ते जाता जाता सांगते. त्यांची नावं माहीत असली की खोट्या आपोआप ओळखू येतात. अमेरिकेत मध्यपूर्वेच्या अभ्यासकांची मेसा ही संघटना १९६६पासून आहे, ब्रिटनमध्ये ब्रिस्मेस १९७३पासून. इस्लामच्या अभ्यासासाठी ब्रिटनमध्येच ब्रेस, मध्यपूर्वेसाठी जर्मनीत दावो. या सगळ्यांची दरसाल अधिवेशनं होतात. वसाहतोत्तर साहित्यासाठी आपल्याकडे आयॅक्लाल्स ही संघटना आहे, तिचं वार्षिक संमेलन भारतातच भरतं आणि तुझ्यासारख्यांसाठी पहिली पायरी म्हणून मला तेच बरं वाटतं. इंडियन हिस्ट्री काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तर पुण्यात झालं होतं, १९३५ साली. अशा ठिकाणी निवड झाली आणि पैसे नसले तर सरळ पत्र लिहून फीमाफी मागायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही, विद्यार्थ्यांसाठी आणि गरीब देशांतल्या अभ्यासकांसाठी पुष्कळ ठिकाणी तशी सोय असते.

पण यांतल्या एकाही ठिकाणी तू या वर्षी अर्ज करू नयेस असं माझं मत आहे. कारण तुझा ॲबस्ट्रॅक्ट. रागावू नकोस. अडीचशे शब्दांत सईद, फॅनन, भाभा, स्पिवाक धरून सहा विचारवंत आलेत आणि अरबीतला एकही शब्द नाही. ‘अरबी कादंबरीतील वसाहतोत्तर अस्मिता’ हे शीर्षक कुठल्याही देशातल्या कुठल्याही एम.ए. झालेल्या मुलीला देता येईल. त्यात खेड नाही, कुवेत नाही, तू नाहीस. या इंग्रजी दारात गर्दी फार आहे आणि आत शिरलेल्या बहुतेकांनी तीच पंधरा पुस्तकं वाचलेली आहेत.

पत्रात तू ‘इस्लामिक, अरबी, वसाहतोत्तर’ हे तीन शब्द एका दमात लिहितेस. ती तीन वेगळी घरं आहेत, अंगण तेवढं एक. इस्लामचा अभ्यास करणाऱ्याला कदाचित फारसी लागेल, दखनी लागेल, स्वाहिली किंवा मलय लागेल. अरबीतच बुडालेला माणूस मुसलमान असेलच असं नाही आणि ज्या मजकुरावर तो काम करतो तोही मुसलमानाचा असेलच असं नाही. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला अब्राहम बेन यिजू हा व्यापारी ज्यू होता. त्याची पत्रं अरबी भाषेत आहेत, लिपी हिब्रू. कैरोच्या एका सिनेगॉगच्या अडगळीत ती सापडली म्हणून आज आपल्याला मलबार किनाऱ्यावरच्या मिरीच्या व्यापाराबद्दल एवढं कळतं. एडवर्ड सईद जेरुसलेममध्ये ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. वसाहतोत्तर हे तर घर कमी आणि खिडकी जास्त, कुठल्याही घराला बसवता येते. तुला कुठल्या घरात राहायचंय ते ठरव. तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुला अरबीच्या घरात राहून त्या खिडकीतून बघायचंय. मग आधी त्या घराची किल्ली हवी.

अक्षरं येतात, हे तू फार हलक्यात घेतेस. बाहेर अरबीच्या वर्गात बसणाऱ्यांचे पहिले दोन-तीन महिने लिपीत आणि उच्चारांत जातात. ऐन, हे, खे, क़ाफ यांतला फरक त्यांच्या घशाला कळतच नाही. तुझा घसा सात वर्षांची असतानाच तयार झालाय. पण सावध राहा. कुराणात प्रत्येक अक्षराला जेर-जबर-पेश, म्हणजे स्वरांच्या खुणा, असतात. वर्तमानपत्रात आणि कादंबरीत ते नसतात, नुसती व्यंजनं उभी असतात. शब्द कर्तरी आहे की कर्मणी, ‘त्यानं लिहिलं’ की ‘लिहिलं गेलं’, हे व्याकरण येत असेल तरच वाचता येतं. म्हणजे अरबीत आधी समजावं लागतं आणि मग वाचता येतं. पहिल्यांदा बिनमात्रांचं पान समोर आलं की तुला वाटेल, मला तर काहीच येत नाही. तसं ते सगळ्यांनाच वाटतं.

वेळ किती लागेल? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी प्रशिक्षण संस्था आहे, ती आपल्या अधिकाऱ्यांसाठी अरबीला ८८ आठवडे आणि २२०० तास धरते. म्हणजे रोज दोन तास दिलेस तर तीन वर्षं. पण हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. आणि ‘हिशेब’ हा शब्दच बघ ना!

मराठी माणूस अरबी शिकायला बसतो तेव्हा तो रिकाम्या हातानं बसत नाही. अरबीचा सगळा कारभार तीन व्यंजनांच्या धातूवर चालतो. ऐन-मीम-लाम घे: अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार. तू दाखल्यासाठी ज्या कचेरीत हेलपाटे घातले असशील तिच्या पाटीवर एक अख्खा अरबी धातू टांगलेला आहे. जीम-मीम-ऐन घे: जमा, जमात, जुम्मा, आणि ‘मजमुआ’वरून आलेले आपले मुजुमदार. शब्दकोशही याच पद्धतीनं रचलेले असतात. हान्स वेअरचा अरबी-इंग्रजी कोश उघडलास तर ‘मक्तब’ मीमखाली सापडायचा नाही, तो काफ-ते-बे या धातूखाली, किताब आणि कातिब यांच्या शेजारी असतो. हे एकदा अंगवळणी पडलं की दर आठवड्याला तुला मराठीतलेच पाच-दहा नातेवाईक भेटतील.

नातेवाईक म्हटले की फसवणारेही आले. ‘तक्रार’ म्हणजे अरबीत पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा करणं. त्याची आपल्याकडे कागाळी कशी झाली ते सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी, चमत्कारिक. ‘वसूल’ म्हणजे पोचणं. परमुलखात पोचलेला परका माणूस आपल्याकडे येईपर्यंत दरिद्री झाला, यावर एखादा निबंध होऊ शकेल, आणि तो लिहायला तुझ्यासारखी दोन्ही भाषांत कान असलेली मुलगीच लागेल. मी हा विषय तीस वर्षं मनात घोळवतेय. तू घे.

शिकायचं कुठे? मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, आधी तिथे चौकशी कर. खेडहून रोज येणं शक्य नाही हे मला कळतं, म्हणून सुरुवातीला इग्नूचं अरबीचं प्रमाणपत्र घरबसल्या कर. ते काही फार खोल नाही, पण गाडी फलाटावरून हलते. त्याच्या जोडीला ऑनलाइन शिकवणारी एक व्यक्ती शोध, आठवड्याला दोन तास, जिच्याशी बोलावंच लागेल. ज्या पैशांत तू तीन दिवस इस्तंबूलला जाणार होतीस, त्यांत वर्षभराची शिकवणी होऊन वर हान्स वेअर विकत घेता येईल. पुढे पूर्णवेळ शिकायचं ठरवलंस तर जेएनयू, जामिया, अलीगढ आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि विदेशी भाषांचं विद्यापीठ) या चार ठिकाणी नजर ठेव. बाहेर जायचं तर कतार विद्यापीठात परभाषकांसाठी अरबीचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे आणि निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. तिथली वयाची अट मात्र आजच बघ, उद्यावर टाकू नकोस. वर्षभर त्या भाषेत उठणं-बसणं झालं की जे होतं ते खेडमध्ये पाच वर्षांत होत नाही.

आता ट्रंक. तुझ्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आणि मी तिथेच अडकले.

मुली, लोक अशा ट्रंका शोधत फिरतात. आखातात गेलेल्या माणसांचा इतिहास सरकारी आकड्यांत आहे, घरी पाठवलेल्या पैशांच्या तक्त्यांत आहे, पण त्यांच्या स्वतःच्या आवाजात फार थोडा आहे. १९८६ ते ९०मधली पत्रं आणि कॅसेटी म्हणजे युद्धाच्या आधीचं कुवेत. ऑगस्ट १९९०मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि पुढच्या दोन महिन्यांत सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानहून विमानांनी मुंबईला आणलं गेलं, ४८८ उड्डाणांत. हे आकडे सगळे सांगतात. एका बॅगेत माणूस काय काय भरतो हे तुझे अब्बा सांगू शकतील. बॅगेत काय भरायचं राहिलं, तेही.

म्हणून आज-उद्या एक काम कर. कॅसेटी वाजवू नकोस. जुनी फीत टेपरेकॉर्डरमध्ये अडकून तुटते. मुंबईत किंवा पुण्यात फितीवरचा आवाज डिजिटल करून देणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून करून घे. पत्रं जशी ठेवली आहेत त्याच क्रमानं फोटो काढ, पाकिटासकट, शिक्क्यासकट. क्रम बदलू नकोस. अम्मीनं ती कुठल्या क्रमानं ठेवली, हाही पुरावा आहे. आणि हे सगळं करण्याआधी दोघांनाही विचार. ती पत्रं नवरा-बायकोची आहेत. अम्मी म्हणाली की ही चार पत्रं नाही दाखवायची, तर ती चार नाही दाखवायची, संशोधन गेलं खड्ड्यात.

मग एका रात्री कोकणकन्येत बस. पहाटे सीएसएमटीला उतरशील. चहा पी, उजाडू दे, आणि चालत काळा घोड्याला ये. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं राज्य अभिलेखागार आहे. तुझ्या ॲबस्ट्रॅक्टमधले होमी भाभा याच कॉलेजात शिकले, पण तुला तिथे ज्यासाठी जायचंय ते कागद त्यांच्या पुस्तकांत नाहीत. शाळेत आपण शिकतो की आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ला वारले. एडनच का, हे कुठलाच मास्तर सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. तर इंग्रजांनी एडन घेतलं १८३९ साली आणि ते जोडलं मुंबई इलाख्याला. जवळजवळ शतकभर येमेनमधलं ते बंदर मुंबईतून चालवलं जात होतं, जसे रत्नागिरी नि ठाणे चालवले जात तसे. आखाताचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे सरकारचा प्रतिनिधी, इराणच्या बुशहरमध्ये बसायचा आणि १८७३पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता. मस्कत, झांझिबार, बसरा, सगळ्यांचे कागद मुंबईला येत. ते अजून तिथेच आहेत. दिल्लीहून, लंडनहून माणसं येऊन ते बघतात. खेडहून कितीजण आले असतील?

पहिल्या दिवशी काही सापडणार नाही. सूची वाचण्यातच दिवस जाईल, धूळ नाकात जाईल, मागवलेल्या तीन दप्तरांतलं एकच येईल. ही तयारी ठेव. तोवर घरी बसून बघण्यासारखं एक आहे: ब्रिटिश लायब्ररी आणि कतार फाउंडेशन यांनी मिळून २०१४पासून कतार डिजिटल लायब्ररी खुली केलीय. आखाताबद्दलचे इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याचे, लाखो कागद त्यात फुकट वाचता येतात. कुवेतचा शोध घे. तुला तिथे मुंबईचे मोत्यांचे व्यापारी भेटतील, भारतीय टपाल भेटेल आणि रुपये भेटतील. होय, रुपयेच. १९६१मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात आपला रुपया चालायचा. १९५९ला तर रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. तुझे अब्बा जिथे दिनार कमवायला गेले, तिथे त्यांच्या वडिलांच्या पिढीतले दुकानदार रुपये मोजत होते. साम्राज्य गेल्यावर कुणाचं चलन कुठे चालतं आणि कोण कुणाकडे कामाला जातं, हा वसाहतोत्तर प्रश्न नाही तर दुसरं काय आहे?

आता त्या मॅडमचं वाक्य. मी यावर दोन दिवस विचार केला, कारण ‘लक्ष देऊ नकोस’ हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. त्या पूर्ण चुकीचं बोलल्या नाहीत. मुलाखतीत तुला विचारतील. एखादा विचारेल की तुम्ही यात तटस्थ राहू शकाल का, आणि तोच माणूस संस्कृतच्या उमेदवाराला हे विचारणार नाही. दुसरीकडे, आपल्याच समाजातलं कुणीतरी विचारेल की कादंबऱ्या कशाला, दीन (धर्म) शिक. दोन्हीकडून खण तयारच आहे.

पण मराठीत या भाषांचं काम कुणी केलं ते बघ. फारसी-मराठी कोश केला माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे आपले माधव जूलियन यांनी, १९२५ साली. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून ऐतिहासिक फारसी कागद छापले ते ग. ह. खऱ्यांनी. सेतुमाधवराव पगडी फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास वाचत राहिले. यांना कुणी खणात बसवलं नाही. त्यांनी भाषा शिकली आणि त्या भाषेतले कागद इतरांना वाचता येत नव्हते, एवढ्यावर त्यांचा अधिकार ठरला. तुझाही त्यावरच ठरू दे. आणि मॅडमना सांगायचंच असेल तर सांग, की मी कोकणातली म्हणून हा विषय घेतलाय. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी चौलला येऊन गेला, तो त्याला सैमूर म्हणतो. पालघरमधल्या चिंचणीच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा संजाणचा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब, आहे आणि तो मठाला दान देतोय, तेही संस्कृतात. माहीमच्या दर्ग्यात ज्यांच्या उरुसाला पोलिसांचा संदल जातो ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांनी कुराणावरचं आपलं भाष्य अरबीत लिहिलं, इथे, माहीमच्या खाडीकाठी. हे सगळं कोकणाचं आहे. चित्पावनाच्या मुलीनं केलं तरी ते तितकंच तिचं असेल.

बाकी सहा विचारवंतांची नावं घेतल्यानं खणातून सुटका होते असं वाटत असेल तर तेही खरं नाही. तोही एक खणच आहे, फक्त वरच्या मजल्यावरचा.

पैशाचा आणि वयाचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. उशीर झालेला नाही. जेआरएफची वयोमर्यादा ३०, पण बायकांना पाच वर्षांची सवलत आहे. नेट वर्षातून दोनदा होते. ‘अरब संस्कृती आणि इस्लामिक अध्ययन’ असाही नेटचा विषय आहे, पण तू आत्ता इंग्रजीतूनच दे. दोनदा थोडक्यात हुकलेली परीक्षा तिसऱ्यांदा देणं हे नवा विषय पहिल्यांदा देण्यापेक्षा सोपं. जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी. इंग्रजी विभागात राहूनही कुवेतच्या पत्रांवर करता येते, फक्त मार्गदर्शक धाडसी हवा. कुणी अल्पसंख्याकांसाठीच्या मौलाना आझाद फेलोशिपचं नाव सुचवलं तर त्यात वेळ घालवू नकोस, ती २०२२-२३पासून बंद झालीय.

परदेशासाठी फेलिक्स शिष्यवृत्ती बघ. ऑक्सफर्ड, रीडिंग आणि लंडनचं सोआस अशा तीन ठिकाणी भारतीयांना ती मिळते. सोआस ही संस्था १९१६ साली निघाली ती साम्राज्याच्या चाकरीतल्या लोकांना पूर्वेकडच्या भाषा शिकवायला. आज तिथेच साम्राज्याची चिरफाड शिकवली जाते, याची मला नेहमी गंमत वाटते. इनलॅक्स आहे, चेव्हनिंग आहे. चेव्हनिंगला २८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. तासिका तत्त्वावर आठवड्याचे नऊ तास धरले तर ते भरायला सहा वर्षं लागतील, आणि सुट्ट्यांचे पैसे कॉलेज देत नाही तसे तासही कुणी देणार नाही. पण वेगवेगळ्या कामांचे तास एकत्र धरता येतात. म्हणून क्लास, शिकवणी, भाषांतर, जे काही करशील त्याचा कागद जपून ठेव. पीएच.डी.साठी बर्लिन आणि लायडन ही दोन नावं लिहून ठेव. लायडनला अरबीचं अध्यासन १६१३पासून आहे. ही तीन वर्षांनंतरची गोष्ट. तेव्हा तुझ्याकडे भाषा असेल, ट्रंक असेल, काळा घोड्याच्या नोंदी असतील, आणि अर्ज लिहायला तुला सईदची आठवण काढावी लागणार नाही.

लग्नाबद्दल मी बोलणार नाही. अम्मीला एवढंच सांग की इस्तंबूलचा बेत रद्द. ती अर्धी खूश होईल, मग ट्रंकेचं विचारायला वाट मोकळी होईल.

अब्बांना अरबी येतं हे तू पत्रात कुठे लिहिलंच नाहीस. २२ वर्षं कुवेतमध्ये राहिलेल्या माणसाला ते येणारच, दुकानातलं, साइटवरचं, टॅक्सीतलं. त्यांना वाटत असेल, ही काही खरी अरबी नव्हे, आणि पुस्तकी अरबी शिकवणारे तुलाही तेच सांगतील. ऐकू नकोस. आखातातल्या बोलीत आपल्या बाजूचे शब्द शेकड्यानं शिरलेत आणि त्यांची यादी तुला घरबसल्या करता येईल. आज जेवणानंतर वही घेऊन बस. पहिला प्रश्न मी देते: कुवेतमध्ये टॅक्सीवाल्याला ‘सरळ चल’ म्हणायला ते काय म्हणायचे? ‘सीदा’ म्हणाले तर त्या शब्दापुढे तारीख घाल, पान क्रमांक एक लिही, आणि पंख्याला, बुटांना, पैशाला काय म्हणायचे ते विचारत पुढे जा.